कशासाठी हवाय?

किती, ते नंतर.
आधी विचारायचं : कशासाठी हवाय?
सासरे, रुस्तम उस्ताद, एवढंच शिकवून गेले.
बाकीचं सुरीनं शिकवलं,
आणि एकदा, करंगळीच्या शेंड्याच्या बदल्यात, यंत्रानं.

मंतीसाठी असेल तर खोंडाच्या मांडीचं, चरबी नावापुरती,
जाळीतून दोनदा काढलेलं.
एका चमच्यात चाळीस मावतील अशा पुड्या वळणाऱ्या बायका
आमच्या कायसेरीत अजून आहेत,
आणि दाताखाली शिरेचा एक दोरा आला
तर सुनेचं नाही, माझं नाव निघतं.
मिरच्या भरायच्या असतील तर एकदाच काढलेलं, जाडसर,
आतला भात ओशट व्हावा इतपत चरबी.
कच्चंच मळून खाणार असाल तर आज सकाळचं,
संध्याकाळी आलात तर देणार नाही,
पाया पडलात तरी.

रंगावर जाऊ नका.
वरून लाल, आत तपकिरी निघालं
म्हणून भांडायला येतात लोक.
अहो, आतल्याला वारा लागलेला नसतो, इतकंच.
बोटाला गार लागतंय का बघा. नाकाला विचारा.

जानेवारीत, एर्जियेसचा बर्फ
गल्लीपर्यंत उतरला त्या आठवड्यात,
एक पोरगा आला. देवरान नाव, एर्झिंजानचा,
वसतिगृहात राहणारा, कानटोपी काढून हातात धरलेली.
"अर्धा किलो खिमा. कोफ्त्यांसाठी."
कसला?
"आई करायची तसला."
मग लाव आईला फोन, म्हटलं.
तो वरच्या दिव्याकडे बघत राहिला.
मी पुन्हा म्हटलं नाही.

पोलिसासारखी विचारत गेले.
गार झाल्यावर ताटाच्या कडेला पांढरं थिजायचं का?
"थोडंसं."
दाबलं तर उसळायचं, की चुरा व्हायचा?
"दबायचं. मऊ असायचं फार."
ओठांना चिकटायचं?
"आठवत नाही. आम्ही चार भावंडं,
लगेच संपायचे."
हे शेवटचं मी ऐकलं,
तोललं नाही.

मानेचे दोन वाटे, छातीचा एक,
दुकानातलं त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं दिलं.
शुक्रवारी परत हजर.
"छान झाले, हाजेर आबला. पण तसे नाही."
चरबी वाढवली.
"खोलीतल्या पोरांनी बोटं चाटली. पण तसे नाही."
चरबी काढली, दोनदाऐवजी तीनदा काढलं,
मनातल्या मनात त्याच्या आईशी भांडले सुद्धा :
बाई, तुमचा खाटीक होता तरी कोण?

रात्री यंत्र धुवायच्या आधी
त्यात शिळा पाव घालायचा, हीसुद्धा उस्तादांचीच रीत.
आत अडकलेलं मांस पाव ढकलत आणतो.
त्या रात्री जाळीतून गुलाबी, मऊ दोऱ्या बाहेर आल्या.
नेहमी कुत्र्याला घालते.
त्या दिवशी बोटांत घेऊन दाबल्या.
दबल्या.
चार भावंडं.
लगेच संपायचे.

पुढच्या वेळी त्यानं अर्धा किलो मागितलं,
मी पाव किलो बांधलं.
साधंच, मानेचं.
उरलेलं समोरच्या बेकरीतून घे, म्हटलं, शिळा पाव माग,
कालचा नको, परवाचा.
भिजव, घट्ट पिळ, मग मळ.
"किती?"
मांसाएवढाच. कदाचित जास्त.

परत मिळालेली नाणी मोजता मोजता
त्याचं बोट एका नाण्यावर थांबलं.
"म्हणजे ती..." म्हणाला.

मागं रांग होती. दारातून वारा येत होता.
कांदा किसून घाल, मी म्हटलं,
आणि पाणी टाकू नकोस त्याचं.