काळे अष्टकोन

नाउएलला अजून वाचता येत नाही,
पण पाकिटावरचे काळे अष्टकोन मोजता येतात.
तीन असले की गोड.
एकही नसेल, तर ताटात भोपळा.

तालकाउआनोत रात्रपाळीला
मी सार्डिनचे डबे भरते.
पहाटे घरी येते तेव्हा हातांना समुद्राचा वास,
आणि कांदा चिरायला
बोटंच उरलेली नसतात.
मग पाकीट. फर्रर्र.
त्या आवाजाला तो झोपेतही हसतो.

आज दवाखान्यात नर्सनं काट्यावर उभं केलं.
चार वर्षं. अठ्ठावीस किलो.
माझ्याकडे न बघता
तिनं कार्डावर काहीतरी लिहिलं.

त्यानं सदरा वर केला,
पोट चाचपत विचारलं,
"आई, माझ्यावर किती?"

मी खाली वाकून
त्याच्या बुटाच्या नाड्या बांधत राहिले.
सुटल्या नव्हत्याच.