पिवळी वायर

दार बंद करायचं हे बटण
कशालाच जोडलेलं नाही, सातू,
असं बाबांनी सांगितलं तेव्हा मी सात वर्षांची होते.
ताम्पेरेतली एक आठ मजली इमारत,
लिफ्टचं पॅनेल उघडून ते गुडघ्यांवर बसलेले,
ओठांत स्क्रू धरलेले, त्यामुळे शब्द तिरके.
आत डोकावले तर एक पिवळी वायर
गुंडाळून, टेप लावून
झोपवून ठेवलेली.
मग ठेवलंय कशाला?
"दार आपल्या वेळेनंच लागतं.
तोवर माणसाच्या हाताला काहीतरी हवं ना."

पुढे मी हेच काम शिकले, जरा मोठ्या शब्दांत.
पगार बाबांच्या तिप्पट.
कुओपिओत आम्ही वेदनाशामकाचा पंप केला:
रुग्णानं बटण दाबायचं, औषध शिरेत जायचं,
मग दहा मिनिटं काहीच नाही,
कितीही दाबा.
त्या दहा मिनिटांवरून आम्ही तीन महिने भांडलो.
लाल दिवा लावला, तर लोक दिव्याकडे बघत कण्हले.
उलटे आकडे मोजले, तर आकड्यांना शिव्या.
शेवटी मीच म्हणाले, आवाज सारखाच ठेवू या.
औषध गेलं तरी टुंग.
नाही गेलं तरी टुंग.
चाचणीत माणसं शांत झोपली.
कुणीतरी वेलदोड्याचे पाव आणले.

सूर निवडायला आठवडा गेला.
फार गोड नको, खेळण्यातला वाटतो.

नोव्हेंबर. दुपारी तीनलाच अंधार.
बाबांच्या मुठीत माझं बटण.
अंगठ्याचा खळगा मी शेकडो हातांवरून मोजून काढलेला,
पण त्यांचा अंगठा कधीतरी लिफ्टच्या दारात चेंगरलेला,
तो बसेचना त्यात.

टुंग.
चार मिनिटांनी पुन्हा टुंग.
मी घड्याळाकडे पाहिलं
ते त्यांनी पाहिलं.

"पिवळी वायर?"

माझ्या तोंडात स्क्रू नव्हते.
"हो," म्हणाले मी.

ते हसले, म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला.
खाली बर्फ ढकलणारी गाडी मागे येत होती,
तिचाही एक आवाज, कुणीतरी ठरवलेला.

बऱ्याच वेळानं,
मी खिडकीकडे तोंड करून नाक पुसत असताना,
मागून टुंग.
मग थांबले ते,
माझा श्वास जागेवर येईस्तोवर,
आणि पुन्हा एकदा दाबलं.