दुर्गवाडी, कड्यावर

पहाटे तीनला कोथरूडहून निघालो.
नारायणगावला चहा, जुन्नरला पुन्हा चहा,
आणि उजाडताना दुर्गवाडीच्या कड्यावर
पालथे, हनुवटी कातळाला टेकवून.

केळुसकरमामा मूळचे वेंगुर्ल्याचे.
पुण्यातली पंचवीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात
मिलिमीटर मोजण्यात गेली,
नंतरची गिधाडं मोजण्यात.
"कडो तो कडो," म्हणतात,
"खाली दर्या असो नायतर मुरबाड."

पांढरे ओघळ जिथे, तिथे घरटं.
ही खूण चिंधू लांघीची.
त्याच्याकडे दुर्बीण नाही, वही नाही.
गिधाड तो डोळे मिटून ओळखतो:
पंखांतून वारा निघतो म्हणे
जुनं धोतर फाडल्यासारखा.

सात दहा. गिधाडं दोन, बसलेली.
पाकोळ्या असंख्य. (मामांनी 'असंख्य' खोडलं, 'शंभरावर' लिहिलं.)
वानरी एक, पोटाला पिल्लू,
पिल्लाच्या पाठीखाली दोन हजार फूट.
ससाणा होता,
मी मान वळवेपर्यंत.

मग कोकणातलं धुकं वर चढलं,
आधी झाडी गेली, मग वाटा,
मग खालच्या कोंबड्यांचे आवाज.
सुळके तेवढे उरले, बेटांसारखे,
आणि आमच्या पायाशी
पांढरं काहीतरी हळूहळू आपटायला लागलं.
मामांनी बूट काढले.
मोजे त्यात कोंबून ठेवले, नीट, शेजारी.
मी विचारलं नाही.

परवाच अरबी समुद्रात वादळ होऊन गेलेलं.
धुक्यावरून तो आला, एकटाच:
काळी पाठ, पांढरं पोट, दुभंगलेली शेपटी.
"अगो, ह्यो हंय कसो इलो?"
अकरा वर्षांत मामांचा इतका लहान आवाज
मी ऐकला नव्हता.

सुरय. भर समुद्रातला.
त्यानं घिरटी घेतली, थांबला, सूर मारला.
चोच धुक्यात बुडाली
आणि कोरडी वर आली.
पुन्हा मारला.
पुन्हा.

"पाव्हणा उपाशी हाये," चिंधू म्हणाला,
"त्याला डिंभ्याकडं लावा की. धरणात मासळी हाये."
आणि सत्तरीतला माणूस अनवाणी उठला,
टोपी हलवत कड्याच्या टोकावर,
दक्षिणेकडे हात करकरून एका पाखराला
पत्ता सांगू लागला.
चिंधूनं मागून त्यांचा पट्टा धरून ठेवलेला.

पाखरानं ऐकलं की नाही, कोण जाणे.
धुकं फाटलं तेव्हा खाली नुसतं मुरबाड होतं,
ऊन, पत्र्यांची घरं.

परतताना चाकणला दीड तास अडकलो.
मामांनी वही उघडली. ठिकाण, वेळ, खूण, सगळं भरलं.
'अधिवास'पाशी पेन थांबलं, रकाना तसाच राहिला.
मग बोट जिभेवर ओलं करून
त्यांनी ट्रकांच्या गर्दीत खिडकीबाहेर धरलं.
"पश्चिमेचो," म्हणाले.