सात-पंधराचे दोन

"पुढचे दोन अजून एक उन्हाळा काढतीन,"
वाहेद म्हणतो, पवनकडे पाहून.
गाडी माझ्या नावावर आहे. पवन फक्त चालवतो.
तो मानेनं मला दाखवतो,
वाहेद मान हलवतो
आणि पुढचं वाक्यही पवनलाच सांगतो.

दारव्हा, यवतमाळ रोड, दुपारचे दोन.
टायरच्या चळतीखाली पायपुसण्याएवढी सावली,
तीत एक कुत्री पिलांसकट.

मागचे दोन मी कालच पाहून ठेवलेत.
खाचेत रुपया उभा केला तर
अख्खा रुपया बाहेर.
डाव्याच्या कडेला फुगा आलाय,
दाढ ठणकते तेव्हा गाल येतो तसा.

सोळा वर्षांची पिकअप.
हौद्यावर 'रेवती बिछायत केंद्र, लाडखेड'.
त्यातला 'रे' मागच्या साली
कुणाच्या तरी फाटकाला घासून गेला,
तेव्हापासून पोरं मला वतीकाकू म्हणतात.

दोनशे लाल खुर्च्या, सोळा गंज, कमानीचे पाइप,
प्लास्टिकात गुंडाळलेला नवरदेवाचा सोफा,
आणि आठ दिवसांनी तेच गंज तेरवीला.
गंज घासून घेता येतात.
टायरला काय, मुरूम कळतो, बाभळीचा काटा कळतो.

वाहेद मांडतो.
रेडियल: पळते छान, पण कडेनं नाजूक.
नायलॉन: वजन झेलते, उन्हात तापते.
मग आवाज उतरवून, आतल्या खोलीतून,
रिमोल्ड: जुन्या अंगावर नवी साल.
"एकदम नव्यावानी हाये, पाहा."

एकदा घेतला होता मी नव्यावानी.
वैशाखात, बोरीच्या उतारावर
त्याची साल निघून रस्त्यावर पडली कातेसारखी.
तिकडे पंगत बसलेली, वरण आमच्या गाडीत,
आणि वाऱ्यानं पत्रावळी उडू नयेत म्हणून
माणसं रिकाम्या पत्रावळीवर हात ठेवून
तासभर.
कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

"नायलॉन दाखव," मी म्हणते.
दोन येतात. "यात सातशे कमी करतो."
मी वाकते. कडेवर, इंग्रजी अक्षरांच्या शेवटी,
चार आकडे असतात: आधी आठवडा, मग साल.
एका ट्रकवाल्यानं शिकवलं होतं,
आईच्या तेरवीच्या खुर्च्यांचे पैसे मोजता मोजता.
शेहेचाळीस, एकवीस.

"बसून बसूनई म्हातारं होते रबर, वाहेदभाऊ."

आता तो पहिल्यांदा माझ्याकडे पाहतो.
काही न बोलता आत जातो, बराच वेळ येत नाही.
कुत्री कूस बदलते.
येतो तेव्हा घामाघूम, दोन्ही खांद्यांवर टायर:
बारा, पंचवीस.
होळीच्या पुढचा आठवडा.
हे कुठल्याशा साच्यातून निघत होते तेव्हा
मी अंगणात बसून
खुर्च्यांवरचा रंग रॉकेलनं पुसत होते.
"हे द्या," मी म्हणते. सातशे सोडले.
मग चहाच्या वेळेपर्यंत घासाघीस करून
त्यातले तीनशे परत मिळवले.

"काकू, नवे पुढं टाकू," पवन म्हणतो,
"ष्टेरिंग हलकं होईन."
"मागं."
"काऊन पण?"
"मागं बाया बसतात."
चंद्रकला, बेबी, सुभद्रा,
रात्री एक वाजता गंजांच्या मधात, पाय दुमडून,
चोळीत वाढपाचे दोनशे रुपये,
हौद्याच्या कडेला धरून डोळा लागलेल्या.
पवन पान्याकडे पाहतो.
मग जॅक मागं नेतो.

जुन्या दोघांचे वाहेद शंभर देतो.
मी देत नाही. त्यांत सिमेंट भरीन,
कातळावर खुंटी जात नाही तिथं
मांडवाचा खांब उभा करायला.

निघताना हात फिरवून पाहते.
नव्या टायरला बारीक बारीक केस असतात,
पिलाच्या कानावर असतात तसे.
लाडखेडचा फाटा येईपर्यंत झडून जातील.
"पवन," मी म्हणते, "हळू घे."
"काऊन, काकू? गाडी तं रिकामी हाये."
"असू दे."