पंचवीस अँपिअर

दक्षिणेच्या डोंगरातून, लाजेसहून येताना
दोना झुल्मिरानं दोनच वस्तू मांडीवर धरल्या,
एक रात्र, एक दिवस, बसमध्ये:
कॉफीची कापडी गाळणी,
आणि नवऱ्यानं बसवलेला, आता पिवळट पडलेला शॉवर.
मुलीच्या घरी, जुईझ-दे-फोराला,
जुलैच्या कडाक्यात.

मला बोलावलं तिसऱ्या आठवड्यात.
"तापतच नाही. रोज कावळ्याची आंघोळ.
जावई म्हणतो, मोडीत काढा."
स्टुलावर चढून झाकणावरची अक्षरं पुसली:
५५०० वॅट. २२० व्होल्ट.
तिथंच कळलं. तरी टाइलवर पेन्सिलीनं मांडलं,
कारण ती दारात उभी होती, हाताची घडी घालून,
पेपर तपासणाऱ्या बाईंसारखी.

पंचावन्नशे भागिले दोनशे वीस: पंचवीस अँपिअर.
हे लाजेसला.
दोनशे वीस भागिले पंचवीस: आठ पूर्णांक आठ ओहम.
हा आतल्या तारेचा स्वभाव,
गाव सुटलं तरी सुटत नाही.
इथं भिंतीत एकशे सत्तावीस.
आठ पूर्णांक आठनं भागलं, चौदा आणि थोडं.
गुणलं: अठराशे वॅट. तिसरा हिस्सा.

"म्हणजे बिघडलेला नाही?"
"नाही. मिळतं तेवढ्यात मन लावून तापतोय."
ती टाइलकडे बघत राहिली.
"मला वाटलं, थंडी माझ्यातच आहे."

इथल्या दाबाचा नवा घ्यावा, तर त्रेचाळीस अँपिअर.
भिंतीतली वायर चार मिलिमीटरची.
वायर कुरकुरत नाही;
वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून मीटरच्या खांबावरून दुसरा फेज आत घेतला.
"एकशे सत्तावीस आणि एकशे सत्तावीस,
दोनशे चोपन्न! जाळाल माझा शॉवर."
बेरीज बरोबर, उत्तर चूक.
दोघं एका पावलानं चालत नाहीत, दोना झुल्मिरा.
एक चढावर, तेव्हा दुसरा अजून वाटेत कुठंतरी.
मिळून भरतात दोनशे वीसच.
"आमचं लग्न," ती म्हणाली, "चौतीस वर्षं,"
आणि पहिल्यांदा हसली.

दुहेरी ब्रेकर लावला, बत्तीसचा.
पाणी सोडलं.
स्वयंपाकघरातल्या दिव्यानं किंचित मान झुकवली, परत वर केली.
काचेवर वाफ.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
शॉवरची हिरवी वायर, अर्थिंगची,
नवऱ्यानं नीट गुंडाळून, टेप लावून ठेवली होती,
कुठंच न जोडता.
एवढी वर्षं.
मी ती जोडली
आणि बिलात धरली नाही.