चौथा माग

माझ्या तक्त्यात या तिमाहीत
आव नदीचं खोरं स्थिर आहे.
कापडातून गेले तीनशे बारा,
गोदामांत, कॉल सेंटरांत, मोटारींच्या वायरी जोडण्यात
लागले तीनशे नऊ.
वजाबाकी तीन.
लिस्बनला पाठवताना मी तो आकडा ठळकही करत नाही.

मग दार ढकलून देओलिंदा आत येते,
पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकते.
वय त्रेपन्न. अनुभव अडतीस वर्षं,
एकाच शेडमध्ये, टॉवेलांच्या मागावर.
कौशल्य? मी विचारतो.
बराच वेळ ती काहीच बोलत नाही.
"तुटलेलं सूत न बघता जोडते."
यादीत याला क्रमांक नाही.
मी 'इतर'वर खूण करतो.

बाहेरचा माल स्वस्त आला, ती म्हणते,
रागाने नव्हे, हवा फिरली म्हणावं तसं.
आधी जर्मन हॉटेलवाल्यांनी दर पाडले,
मग त्यांची पत्रंच यायची थांबली.
मालक रडला,
पण मागांना गिऱ्हाईक त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

शेवटच्या आठवड्यात तिने सहाही मागांना तेल घातलं.
कशाला? मी विचारलं. हा प्रश्न अर्जात नव्हता.
"कुणीतरी चालवणारच ना."
चौथ्याच्या खोक्यावर खडूने लिहिलं:
हा डावीकडे ओढतो, उजवीकडे वजन लावा.
लिहिलं पोर्तुगीजमध्ये.
दुसरी भाषा तिला कुठे येते.

बंदराजवळच्या गोदामात एक जागा आहे.
रात्रपाळी, सहा महिन्यांचा करार.
(माझाही मार्चपर्यंतच आहे, ते मी बोललो नाही.)
जहाजावरून उतरलेली खोकी फोडायची,
मोजायची, पट्टी डकवायची.
खोक्यांत काय असतं ते मी सांगितलं नाही,
तिनेही विचारलं नाही.
सही करताना एवढंच म्हणाली,
"टॉवेल निघाले तर कड बघेन एकदा."

ती गेल्यावर मी तीनशे नऊचे तीनशे दहा केले.
खोरं आणखी थोडं स्थिर झालं.

रात्री भांडी घासताना
कधी न पाहिलेला तो चौथा माग आठवला.
समुद्रापलीकडे कुठल्याशा गावात उतरला असेल,
तिथल्या तक्त्यात अधिक सहा.
सोळा-सतराची कुणी पोरगी
कापड तिरकं का येतं म्हणून
मुकादमाची बोलणी खात असेल,
आणि खडूची ती फळी
केव्हाच कुणाच्या तरी चुलीत गेली असेल.