दम धरणारा

नहापेत वाजवतो. मी धरून बसतो.
एकच सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत.
त्याला आमच्याकडे दमच म्हणतात.
लग्नात म्हाताऱ्या नहापेतच्या खिशात नोटा कोंबतात
आणि मला विचारतात, तू कधी सुरू करणार?

गालात हवा साठवायची,
गाल ती दुदुकात ढकलत असताना
नाकाने चोरून नवी घ्यायची.
हे जमतं. वर्षभर घासलं की कुणालाही जमतं.
जमत नाही ते लाळेचं.
गिळली की सूर तुटतो.
नाही गिळली तर जिभेखालून निघते,
बोरूच्या चपट्या पत्तीत शिरते,
आणि सूर गुरगुरतो
झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखा.

वार्पेत सेरोब म्हणायचे,
पहिल्या वर्षी तोंडचं पाणी पळतं,
दुसऱ्या वर्षी परत येतं, भावंडांना घेऊन.
गिळायचंच असेल तर नहापेत वर चढेल तेव्हा गिळ.
तेव्हा तुझ्याकडे देवाचंही लक्ष नसतं.

आज त्यांनाच पोचवायचं होतं.
ग्युम्रीबाहेर, भूकंपानंतर
दोन वर्षांसाठी म्हणून मिळालेल्या पत्र्याच्या घरासमोर,
जिथे ते मरेपर्यंत राहिले.
पेटी दोन स्टुलांवर. एक स्टूल आखूड,
खाली विटेचा तुकडा.

त्यांचा पणतू समोर येऊन उभा राहिला.
खिशातून हिरवं, कच्चं आलुबुखार काढलं,
मिठाच्या पुडीत बुडवलं
आणि चावलं.

मी डोळे मिटले. कान कसे मिटणार?
कच्. कच्.
जबड्याच्या मुळाशी कळ आली.
तोंडाला पाणी सुटलं, वार्पेत,
तुमच्या मयताला.

मग लाज. आणि लाजेमागून
गळ्यात आणखी काही चढत आलं
ज्याला आवंढा लागतो तो हाच, एकुलता एक.
नहापेत खालच्या सुरांत घुटमळत होता,
वर चढेचना.

ओठाच्या कोपऱ्यातून निघाली,
हनुवटीवरून शर्टाच्या बटणांवर.
दम धरलेलाच.
वार्पेतांची बहीण आझनिव पुढे आली,
काळ्या रुमालाने माझी हनुवटी पुसली,
म्हणाली, रड बाळा, तू तरी रडून घे.
मला चोपन्न पूर्ण झालीत.
मान हलवता येत नव्हती,
नाही म्हणता येत नव्हतं.

शेवटी नहापेत चढला
आणि मी गिळलं,
जे काय होतं ते सगळं.
मिठाची चव आली.
मीठ तर त्या पोराने खाल्लं होतं.

त्याने कोय विटेपाशी थुंकली
आणि पुडीतलं उरलेलं बोटाने चाटत
घरात गेला.

परतताना नहापेत म्हणाला,
मधे एकदा तुटला तुझा.
मी म्हटलं, आलुबुखार.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
चढ होता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.